पुलावरील अन्य वाहने : एक

जड वाहनांचे परवाने काढणं हे माझं काम. बावीस वर्षं मी बर्नी बंदराजवळच्या क्लाइव्ह डॉब्सनच्या वाहतूक कंपनीत हेच करते आहे. क्रेन, बोगदा खणायची यंत्रं, पवनचक्कीची पाती, जे काही नेहमीच्या ट्रकवर मावत नाही ते आमच्याकडे येतं. ते कुठल्या रस्त्याने न्यायचं आणि त्या रस्त्यावरचे पूल ते वजन पेलतील का, हे सरकारकडून लिहून घ्यायचं असतं. पूर्वी एकेका परवान्याला पाच-सहा आठवडे लागत. पुलांचा अभियंता कागद-पेन्सिल घेऊन बसायचा, मध्येच सुट्टीवर जायचा, आल्यावर पहिल्यापासून सुरू करायचा.

मग संगणकावरची नवी व्यवस्था आली. गाडीचे अ‍ॅक्सल किती, चाकांच्या या आसांमध्ये अंतर किती, प्रत्येकावर भार किती, एवढं भरायचं आणि नकाशावर रस्ता काढायचा. अकरा सेकंदांत वाटेवरचा प्रत्येक पूल रंगून समोर येतो. हिरवा म्हणजे जा. पिवळा म्हणजे जा, पण सावकाश, मधोमध, पुलावर दुसरं कोणी नसताना. लाल म्हणजे नाही. मला ही व्यवस्था मनापासून आवडते. तिला सुट्टी नसते आणि तिला मूड नसतो.

त्या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, लिनफर्डचा ट्रान्सफॉर्मर जळाला.

लिनफर्ड हे माझं माहेर. डोंगरातलं सहाशे वस्तीचं गाव. वडील गेल्यावर आई तिथल्याच वृद्धाश्रमात राहायला गेली, कारण बर्नीचा वारा तिला सोसत नाही. ट्रान्सफॉर्मर गेल्यापासून गाव भाड्याच्या डिझेल जनरेटरवर होतं. वृद्धाश्रमात फक्त जेवणाचा हॉल गरम ठेवत होते. चाळीस म्हातारी माणसं दिवसभर कोट घालून हॉलमध्ये बसायची आणि झोपायला थंडगार खोल्यांत जायची. पहिल्या आठवड्यात दोघांना न्यूमोनिया होऊन हॉस्पिटलात हलवलं.

नवा ट्रान्सफॉर्मर बंदरावर उतरला तो चौसष्ट टनांचा. ट्रॉली आणि ओढणारी गाडी धरून एकशे दहा. लिनफर्डला जायला दोन रस्ते, त्यातला दक्षिणेचा मे महिन्यात दरड कोसळून बंद झालेला. उरला एक. त्यावर एकोणीस पूल.

मी सगळं भरलं आणि बटण दाबलं. चौदा हिरवे, चार पिवळे. शेवटचा, लिनफर्डच्या अलीकडचा क्वॉल नदीवरचा पूल, लाल.

कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, पुलावरील अन्य वाहने : एक.

मला वाटलं माझंच चुकलं. 'पुलावर एकटेच वाहन' या चौकोनात खूण करायची राहिली असेल. पाहिलं, तर खूण होती. काढून परत केली. लाल. संगणक बंद करून चालू केला. लाल. गंमत म्हणून आमच्या सर्वात लहान क्रेनसाठी तोच रस्ता तपासला. पूल हिरवा आला, पण रकान्यात तेच. पुलावरील अन्य वाहने : एक.

क्लाइव्ह माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"काय म्हणतोय तुझा लाडका?"

"पुलावर गाडी आहे म्हणतोय."

"मग ती जाऊ दे की, मग दाब बटण."

"क्लाइव्ह, हा कॅमेरा नाहीये. हे गणित आहे."

"गणितात गाडी कुठून आली?"

याचं उत्तर मिळवण्यात माझे पुढचे सहा दिवस गेले. मदत केंद्राला फोन केला. त्यांनी तक्रार क्रमांक दिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून पत्र आलं, की आपली तक्रार सुटली असून ती बंद करण्यात येत आहे. पूल लालच होता. नवी तक्रार केली, तर ती जुन्या तक्रारीसारखी असल्यामुळे आपोआप बंद झाली. तिसऱ्या दिवशी एका मुलीने मला अत्यंत गोड आवाजात सांगितलं, की व्यवस्था व्यवस्थित चालू आहे आणि पुलावर वाहन असेल तर ते हटवावं. मी फोन इतक्या जोरात ठेवला, की क्लाइव्ह बाहेरून डोकावला.

आईचे फोन चालूच होते.

"लोर्ना, तुमची ती पेटी कधी येतेय गं? माझ्या बोटांना विणायच्या सुया धरवत नाहीत."

"येतेय गं. पुलाचं जरा अडलंय."

"कुठला पूल, क्वॉलचा? तिथे थांबावं लागतंच."

"किती दिवस थांबायचं, आई?"

"आपण थांबायचो ना. बाबा गाडी बंद करायचे आणि एक सिगारेट ओढायचे."

ते खरं होतं. पूल एकेरी आहे, दोन्हीकडे 'समोरच्यास आधी जाऊ द्या' अशी पाटी आहे, आणि लिनफर्डचं प्रत्येक माणूस तिथे थांबतं. समोर कोणी नसलं तरीही. मीही थांबते. आजवर त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

सातव्या दिवशी मी सगळे क्रमांक बाजूला ठेवून सरळ हेंक बोस्माला गाठलं. हेंक रस्ते खात्यात पुलांचा अभियंता. बारा वर्षं फोनवर आमची भांडणं चालली होती, प्रत्यक्ष भेट दोनदाच. तोंडाचा फटकळ, पण आकड्यांत त्याची चूक मी कधी पाहिली नाही.

"सेन्सर असणार," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी काही पुलांच्या पोटाला लावलेत. पुलावर या क्षणी किती भार आहे ते व्यवस्थेला कळतं. एखादा बिघडला असेल. थांब, बघतो."

बघायला त्याने दोन दिवस घेतले. मग फोन आला, आणि आवाजात नेहमीचा टोमणा नव्हता.

"लोर्ना, एकही बिघडलेला नाही. बाराच्या बारा एकच सांगतायत. लिनफर्डकडच्या तिसऱ्या गाळ्यावर अडतीस टन. तीन अ‍ॅक्सल. पहिल्या दोघांत साडेचार मीटर, मागच्या दोघांत सव्वा मीटर."

"म्हणजे ट्रक."

"तीन अ‍ॅक्सलवर अडतीस टन? असा ट्रक कायद्यात बसत नाही. कधीच बसला नसता."

"मग आतापर्यंत कोणाला कसं कळलं नाही?"

"पहिल्या दिवसापासून हे वजन तिथेच आहे. त्यामुळे संगणकाला वाटलं हा सेन्सरचाच दोष, म्हणून तो ते वजा करायचा. जूनमध्ये व्यवस्थेत सुधारणा झाली. आता वजा करत नाही."

"मग परत वजा करायला सांग ना, हेंक!"

"आणि ते खरं असलं तर? तुझे एकशे दहा आणि हे अडतीस. गाळा नदीत जाईल, लोर्ना. तुझ्या ड्रायव्हरला घेऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या गाडीतून निघालो. नऊच्या सुमारास घळीत उतरलो. तिथे हिवाळ्यात अकराशिवाय ऊन पोहोचत नाही. दोन्ही अंगांना झाडाएवढ्या नेच्यांची गर्दी, खाली चहाच्या रंगाचं पाणी. हेंक सरळ पुलावर गाडी घालायला निघाला.

"थांब," मी म्हणाले.

"का? कोणी नाहीये."

"पद्धत आहे इथली."

त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, पण थांबला. मग आम्ही गाडी तिथेच ठेवून पायी गेलो.

एकतीस मीटरचा साधा काँक्रीटचा पूल, खांबांमधले तीन गाळे. वर दवाचा पांढरा बर्फ साचला होता, त्यावर एका वॉलबीची, छोट्या कांगारूची, पावलं उमटलेली. ती तिसऱ्या गाळ्याच्या तोंडाशी येऊन उजवीकडे वळली होती, कठड्याला अगदी चिकटून पुढे गेली होती, आणि गाळा संपल्यावर परत मधोमध आली होती. मी हे हेंकला दाखवलं नाही. तो तिपाईवर मोजणीची दुर्बीण बसवत होता.

त्याने तीन वेळा मोजलं. तिसरा गाळा मधोमध पाच मिलिमीटर खाली होता.

"जुना पूल आहे," मी म्हणाले.

"जुना पूल कायमचा बाक धरतो. हा भाराने वाकलाय. फरक असतो." त्याने पुलाखालचा सेन्सरचा डबा उघडला, सगळे आकडे शून्यावर आणले आणि उभा राहिला. दोन मिनिटं. शून्य, शून्य, मग एकेक करून सगळे आकडे परत आले. घाई न करता. एखाद्याने खांद्यावरून पोतं खाली ठेवावं, पाणी प्यावं आणि परत उचलावं, तसे.

हेंक वर आला तेव्हा मी तिसऱ्या गाळ्याकडे पाहत होते. तिथल्या पांढऱ्या थरात काही डाग होते. बर्फ वितळून काळं काँक्रीट दिसत होतं. ताटाएवढे डाग. गावाच्या टोकाशी दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे. अलीकडे जोडीजोडीने आठ.

हेंकने खिशातून टेप काढली. मी एक टोक धरलं. साडेचार मीटर. सव्वा मीटर.

मी हातमोजा काढून एका डागावर तळवा ठेवला. काँक्रीट कोमट होतं.

 ऑफिसात परतल्यावर हेंकने माझ्या टेबलावर दोन वर्षांचा आलेख पसरला. क्लाइव्हही येऊन बसला.

"ते सरकतंय," हेंक म्हणाला. "दिवसाला दोन मिलिमीटर. दोन वर्षांत दीड मीटर. बर्नीकडून लिनफर्डकडे."

"कधी चढलं मग पुलावर?" मी विचारलं.

"हाच वेग धरला तर साडेबेचाळीस वर्षांपूर्वी."

तेव्हा मी दहा वर्षांची होते.

हेंकने खात्यातले सगळे जुने कागद काढून पाहिले होते. त्या पुलावर कधी अपघात झालेला नव्हता. कोणी नदीत पडलं नव्हतं. त्या वर्षी अख्ख्या जिल्ह्यात एकही ट्रक चोरीला गेला नव्हता की हरवला नव्हता. कोणी मेलं नव्हतं. गावात फोन करून विचारलं तर लोक म्हणाले, पूल ना, छान आहे की.

"उतरणार कधी ते सांग," क्लाइव्ह म्हणाला.

"पुढचा अ‍ॅक्सल पुलाच्या टोकाशी आलाय. मागचा उतरायला अजून सात वर्षं दहा महिने."

क्लाइव्हचा चेहरा लाल झाला. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. "चाळीस म्हातारी थंडीत कुडकुडतायत, आणि मी त्यांना काय सांगू? की पुढे एक गाडी आहे, ती दिसत नाही, आणि ती हळू चालतेय? हॉर्न मारा तिला! रणगाडा आणून ढकला! सही कर हेंक, मी जबाबदारी घेतो."

"लाल असताना मी सही करू शकत नाही. आणि करू शकलो असतो तरी केली नसती."

"पुलाला खालून टेकू द्या!"

"दिला तर पाच महिने लागतील. नदी पाहिलीस ना?"

 मला कोणाला तरी शिव्या द्यायच्या होत्या, आणि शिव्या द्यायला समोर माणूसच नव्हता. त्या दुपारी आईच्या शेजारच्या खोलीतली मिसेस प्रॉक्टर हॉस्पिटलात वारली. आईने फोनवर ते सांगितलं आणि मग म्हणाली, "तिची रजई त्यांनी मला दिलीय. मी नको म्हटलं नाही गं."

डेस वायनी आमचा सर्वात जुना ड्रायव्हर. एकसष्ट वर्षांचा, जाडजूड, कमी बोलणारा. ट्रॉली तोच ओढणार होता, म्हणून सगळं खरं खरं त्याला सांगणं भाग होतं. मला वाटलं तो हसेल. तो म्हणाला, "मला जाऊन बघायला पाहिजे."

मीच त्याला घेऊन गेले. दुपारचे चार वाजले होते. मी पुलाअलीकडे गाडी थांबवली. डेस उतरला, टोपी काढून हातात घेतली आणि दुसऱ्या गाळ्याच्या शेवटापर्यंत चालत गेला. तिथे तो थांबला. रस्त्यात एखाद्याची गाडी बंद पडलेली असली, की खिडकीशी जाऊन उभं राहतात, तसा तिरपा उभा राहिला.

"काय भाऊ," तो म्हणाला. "बराच वेळ झाला वाटतं तुला."

नदीचा आवाज तेवढा येत होता.

"घाई करायची नसते, ते मलाही कळतं. एवढं वजन घेऊन मीही कोणाचं ऐकलं नसतं. पण माझ्या मागे माल आहे, आणि पुढे गावात लोक थंडीत बसलेत. जरा पुढे हो. पुलावरून उतर, बास." तो थोडा घुटमळला. "मी तुला ओलांडणार नाही. मागेच राहीन. शब्द देतो."

मग त्याने टोपी घातली आणि परत आला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "चल. चहा मिळाला तर बघू कुठे."

"डेस, काही दिसलं का तुला?"

"नाही बाई. काय दिसायचंय?"

सकाळी सात वाजता हेंकचा फोन आला. तो पुलावरूनच बोलत होता आणि दात वाजत होते की तो हसत होता ते मला कळेना.

"गाळा वर आलाय, लोर्ना. पाचच्या पाच मिलिमीटर. सरळ रेषेत. काल दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी ते हललं. अकरा मिनिटांत तिन्ही अ‍ॅक्सल उतरले."

आम्ही चार पंचवीसला तिथून निघालो होतो.

मी कोट न काढताच संगणकासमोर बसले. रस्ता भरला, बटण दाबलं. एकोणिसावा पूल पिवळा आला. सावकाश, मधोमध. पुलावरील अन्य वाहने : शून्य. अकरा सेकंदांत परवाना हातात. मी टेबलावर डोकं टेकून थोडी रडले, मग सगळ्यांना फोन लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता ट्रॉली पुलाशी पोहोचली. क्लाइव्ह इतरांना सावध करणारी पुढची सूचक गाडी घेऊन आधीच निघून गेला होता, गावाबाहेरच्या सबस्टेशनच्या फाटकाशी समोरची वाहतूक अडवायला. मागची सूचक गाडी मी चालवत होते, छतावर पिवळा दिवा लावून. हेंक पुलाखाली दुर्बिणीला डोळा लावून बसला होता.

डेसने चालण्याच्या वेगाने ट्रॉली पुलावर घातली.  पहिला गाळा. दुसरा. तिसरा. पलीकडच्या रस्त्याला शेवटची चाकं लागली आणि हेंकने खालून हात उंचावला.

मी रेडिओवर ओरडले, "झालं! डेस, झालं! आता सात किलोमीटर, की पोहोचलो."



पूल ओलांडला की चढ आहे, मग पठारावर सरळ रस्ता लागतो. तिथे तो ताशी तीस-पस्तीसने सहज जाऊ शकत होता. पण ट्रॉलीचा वेग वाढेना. उलट कमी झाला. दोन किलोमीटरला पाऊण तास लागला. मग सरळ, मोकळ्या रस्त्यावर ट्रॉली चक्क उभी राहिली.

"डेस, काय झालं? गरम झालीय का?"

"नाही. पुढे गाडी आहे."

मी काच खाली करून बाहेर वाकले. ट्रॉलीपुढे काही दिसत नव्हतं.

"डेस, पुढे काही नाहीये."

"दिसत नाही. धुक्यात पुढच्याचे दिवे दिसत नाहीत, तरी पाय ब्रेकवर जातो ना? तसं आहे."

"मग हॉर्न दे. ओलांड."

"शब्द दिलाय मी."

ट्रॉली परत हलली. दोन मिनिटं चालली, थांबली. परत हलली. बारा वाजले. एक वाजला. सबस्टेशनवरचे लोक क्लाइव्हला विचारत होते, क्लाइव्ह मला विचारत होता, आणि मी काय सांगणार होते? माझ्या डोक्यात मिसेस प्रॉक्टर होती. दहा दिवस एका संगणकाने अडवलं होतं, आणि आता एक शहाणासुरता माणूस रिकाम्या रस्त्याला वाट देत उभा होता.

दीड वाजता माझा संयम सुटला. मी गाडी बाहेर काढली, कडेच्या खडीवरून ट्रॉलीच्या पुढे गेले आणि रस्त्यावर आले. समोर तीनशे मीटर रस्ता स्पष्ट, ओला, रिकामा.

"बघ!" मी रेडिओवर म्हणाले. "काही आहे का?"

मी वेग वाढवला.

रस्त्याच्या चाकोऱ्यांत पावसाचं पाणी साचलं होतं. माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर ते पाणी हललं.

ते बाजूला सरकत होतं. डाव्या चाकोरीतलं डावीकडे, उजव्या चाकोरीतलं उजवीकडे. सावकाश. मग मागून परत भरून येत होतं.

वारा नव्हता.

माझा पाय ब्रेकवर गेला. मी ठेवला नाही, तो गेला.

गाडीत वास आला. डिझेलचा नाही. कपाट पुष्कळ वर्षांनी उघडावं तसा.

पाणी थांबलं. आता ते हलत नव्हतं.

मला कळलं, की पुढचंही थांबलंय. माझ्यासाठी.

मी गाडी मागे घेतली. आरशात न पाहता, तिरपी, खडीवरून. डेसच्या मागे जाऊन उभी राहिले आणि दिवा चालूच ठेवला.

रेडिओवर डेस एवढंच म्हणाला, "ठीक आहे ना, लोर्ना?"

"हो," मी म्हणाले. "चालव तुझ्या मनाने."

चारला दहा मिनिटं असताना आम्ही सबस्टेशनच्या फाटकापाशी आलो. तिथे आत वळायला डावीकडे रस्ता आहे, आणि सरळ रस्ता गावात जातो. डेस वळणाअलीकडे थांबून राहिला. क्लाइव्ह हातवारे करत धावत आला आणि रस्त्याच्या मधोमध आल्यावर एकदम बाजूला झाला. नंतर मी त्याला विचारलं, का झालास बाजूला? तो म्हणाला, "कोण, मी? कुठे झालो?"

दोन-तीन मिनिटांनी डेसने गिअर टाकला आणि ट्रॉली डावीकडे वळवली.

"गेली का?" मी विचारलं.

"हो. सरळ गेली."

ट्रान्सफॉर्मर बसवायला आणि तपासायला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी गावात वीज आली. वर्तमानपत्रात क्लाइव्हचा फोटो छापून आला, सबस्टेशनपुढे हाताची घडी घालून. हेंकने पुलाचा अहवाल एका ओळीत संपवला, पूल सुस्थितीत आहे. डेसने चार दिवस रजा घेतली आणि मासे पकडायला गेला. मी साचलेले परवाने काढत बसले. सगळे हिरवे.

रविवारी आईला फोन केला. आवाजावरूनच कळलं, ती गरम खोलीत बसलेली आहे.

"हीटर भट्टीसारखा तापलाय बघ. कालपासून मी स्वेटर काढून बसलेय. तुझे आभार मानते गं, पोरी."

"जेवलीस का?"

"जेवले. मटण होतं, जरा चिवट. बाकी सगळं झकास आहे. फक्त या खोलीची जमीन खचलीय वाटतं. चहाचा कप टेबलावर ठेवला, की आपला आपण सरकतो. सांगितलंय मी त्यांना, सुतार पाठवतो म्हणालेत."

मी खुर्चीत सरळ झाले.

"कुठल्या बाजूला सरकतो, आई?"

"काल दाराकडे सरकत होता," ती म्हणाली. "आज पलंगाकडे सरकतोय."